सायंकाळचा भोंगा आणि मोबाईल-विरहाची भीती

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. सुमारे तीन हजार वस्तीचे, शेतीवर जगणारे हे गाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या गावात एक नवा प्रघात सुरू झाला. सायंकाळचे सात वाजले की मंदिरावरील भोंगा वाजे आणि त्याबरोबर घराघरांतील मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद केले जात. साडेआठ वाजता भोंगा पुन्हा वाजे आणि संच पूर्ववत चालू होत. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचन करावे आणि माणसांनी माणसांशी बोलावे, एवढीच त्यामागील अपेक्षा होती.

भोंगा ही ग्रामीण महाराष्ट्राला नवीन वस्तू नव्हे. साखर कारखान्याचा भोंगा कामाची पाळी सांगतो. परंतु हातातील यंत्र खाली ठेवण्यासाठी गावाला भोंगा लावावा लागला, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे. जे यंत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या मालकीचे, जे एका बोटाने बंद करता येते, ते बंद करण्यासाठी गावाने एकत्र येऊन ठराव करण्याची गरज का पडावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आजच्या काळातील एका नव्या भीतीचा परिचय करून घ्यावा लागतो.

भीतीला नाव मिळाले

भारतात मोबाईल दूरध्वनीवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी गावातील माणसाला परगावी बोलावयाचे तर पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथपुढे रांग लावावी लागे. आज देशातील मोबाईल जोडण्यांची संख्या शंभर कोटींहून अधिक आहे. एका पिढीच्या अवधीत हे यंत्र चैनीच्या वस्तूंतून गरजेच्या वस्तूंत आले आणि गरजेतून सवयीत गेले.

सवय भीतीत कशी बदलते याकडे प्रथम लक्ष वेधले गेले ते ब्रिटनमध्ये. २००८ साली तेथील टपाल खात्याच्या वतीने २,१६३ लोकांची पाहणी करण्यात आली. मोबाईल हरवला, त्यातील विद्युतभार संपला किंवा संपर्कक्षेत्राबाहेर जावे लागले की मन अस्वस्थ होते, असे सुमारे ५३ टक्के मोबाईलधारकांनी सांगितले. ‘नो मोबाईल फोन फोबिया’ या शब्दांचा संक्षेप करून या अवस्थेला ‘नोमोफोबिया’ हे नाव देण्यात आले. मराठीत तिला मोबाईल-विरहाची भीती असे म्हणता येईल.

पुढे २०१५ साली अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील दोन संशोधकांनी ही भीती मोजण्यासाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. त्यांच्या अभ्यासात या भीतीचे चार पदर आढळून आले. कोणाशी बोलता येणार नाही, हा पहिला. लोकांशी जोडलेला धागा तुटेल, हा दुसरा. हवी ती माहिती मिळणार नाही, हा तिसरा. हाताशी असलेली सोय जाईल, हा चौथा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नोमोफोबिया हा शब्द रूढ झाला असला तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान नाही. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात समावेश झाला तो खेळांच्या अतिरेकातून उद्भवणाऱ्या विकाराचा; म्हणजे संगणकावरील वा मोबाईलवरील खेळांवर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा त्यांना अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालू ठेवणे याचा. म्हणून मोबाईल वापरणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘व्यसनी’ म्हणून हिणवणे जितके चुकीचे, तितकेच ‘मोठेपणी सुटेल’ म्हणून सोडून देणेही चुकीचे होय.

भीती सर्वस्वी खोटी नाही

या विषयावर बोलताना उपदेशाचा सूर चटकन लागतो. परंतु गावपातळीवर काम करणाऱ्यांनी प्रथम हे मान्य केले पाहिजे की, मोबाईल जवळ नसण्याची भीती अगदीच निराधार नाही. शेतकऱ्याची ई-पीक पाहणी मोबाईलवर होते. सातबारा मोबाईलवर पाहता येतो. बँकेतील पैसे, गॅसची नोंदणी, योजनेसाठी लागणारी ओळखीची पडताळणी या सर्वांसाठी लागणारा सांकेतिक क्रमांक मोबाईलवरच येतो. अंगणवाडी सेविकेला बालकांचे वजन व उंची मोबाईलमध्ये नोंदवावी लागते. विहिरीवरचा पंप घरबसल्या चालू-बंद करणारी यंत्रे आली आहेत आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला त्यांचा मोठा आधार वाटतो. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीस असलेल्या वृद्ध आईबापांना तर त्या चिमुकल्या पडद्यावर नातवंडाचे मुख दिसते.

अशा स्थितीत ‘मोबाईल टाकून द्या’ हा सल्ला देणारा स्वतःच हास्यास्पद ठरतो. वर सांगितलेल्या चार पदरांपैकी सोय आणि माहिती हे दोन पदर बव्हंशी खऱ्या गरजेचे आहेत. प्रश्न उरतो तो इतर दोन पदरांचा. कोणी तरी काही तरी बोलत असेल व ते आपल्याला कळणार नाही, सर्वजण जोडलेले असतील व आपण एकटेच बाहेर राहू, ही ती भीती. कामासाठी हातात घेतलेला मोबाईल काम संपल्यावरही खाली ठेवला जात नाही, तो मुख्यतः या भीतीमुळे.

यंत्राची रचना

या भीतीला यंत्राची रचनाही खतपाणी घालते. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पक्ष्यांवर व उंदरांवर केलेले प्रयोग अध्यापक विद्यालयात शिकलेल्या शिक्षकांना ठाऊक आहेत. कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळाला तर प्राणी भूक भागेपर्यंतच कळ दाबतो. परंतु दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे केले तर तो कळ दाबतच राहतो आणि ही सवय मोडणे फार कठीण जाते. मोबाईलवरील संदेशांचे नेमके असेच आहे. दहा वेळा पाहिले तर नऊ वेळा निरर्थक मजकूर असतो, दहाव्या वेळी जिव्हाळ्याची एखादी बातमी असते. त्या दहाव्या वेळेच्या आशेने माणूस शंभर वेळा पडदा उघडतो.

यात आणखी एका युक्तीची भर पडली. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते आणि संपले म्हणजे वाचक उठतो. २००६ साली एझा रास्किन या आरेखकाने पडद्यावरचा मजकूर कधीच संपणार नाही अशी रचना तयार केली. बोट सरकवीत जावे आणि खालून नवे येत राहावे. पुढे याच रचनेच्या परिणामांबद्दल त्यांनी स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्या यंत्रात थांबण्याची जागाच ठेवलेली नाही, त्यापुढे दहा-बारा वर्षांचे मूल केवळ मनोनिग्रहाने थांबेल, ही अपेक्षा अवाजवी आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने एक प्रयोग उल्लेखनीय आहे. २०१७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ८०० व्यक्तींवर प्रयोग करून असा निष्कर्ष काढला की, मोबाईल बंद असला तरी तो समोर मेजावर असेल तर विचारशक्तीचा काही भाग त्याच्याकडे ओढला जातो. तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली ठरली. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही मोबाईल उशाशी किंवा वहीशेजारी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवणे ही बिनखर्ची खबरदारी आहे.

शाळेतून घरात, घरातून शाळेत

ग्रामीण मुलांच्या हाती मोबाईल मोठ्या प्रमाणावर आला तो २०२० साली. करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवरून देण्याची वेळ आली. ज्या पालकांनी तोवर मुलाला मोबाईलला हात लावू दिला नव्हता, त्यांनी प्रसंगी पदरमोड करून तो विकत घेतला. साथ गेली, शाळा उघडल्या. मोबाईल मात्र मुलाच्या हातातच राहिला.

देशाच्या ग्रामीण भागातील शिक्षणस्थितीची ‘असर’ ही पाहणी प्रसिद्ध आहे. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात त्याचा शिक्षणासाठी उपयोग केल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी उपयोग करणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. म्हणजे शिक्षणासाठी त्याचा उपयोग होत नाही असे नाही. पण अभ्यासाच्या निमित्ताने उघडलेल्या दारातून दुसरेच पाहुणे अधिक संख्येने आत येतात.

लहान बालकांबाबत तर शंकेला जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या बालकाने बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. तो जितका कमी तितका चांगला. मूल जेवत नाही म्हणून त्याच्यापुढे मोबाईल धरण्याची सवय खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. अंगणवाडी सेविकांनी पोषणाविषयी मातांशी बोलताना ही गोष्टही सांगणे अगत्याचे आहे.

एकट्याने का जमत नाही

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. मोबाईल बंद करण्यासाठी गावाला एकत्र का यावे लागले?

चराईबंदीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली आणि डोंगरावर गवत उभे राहिले, हे सर्वांना माहीत आहे. समजा, त्या गावात एकाच शेतकऱ्याने आपली गुरे बांधून ठेवली असती, तर काय झाले असते? डोंगर उजाड तो उजाडच राहिला असता आणि त्याची गुरे मात्र उपाशी राहिली असती. एकट्याचा त्याग वाया जातो. सर्वांनी मिळून पाळलेला नियम फळ देतो.

मोबाईल-विरहाची भीती ही अशीच सामाईक गोष्ट आहे. वर्गातील चाळीस मुले एका गटावर बोलत आहेत आणि एकाच मुलाचा मोबाईल आईने काढून घेतला, तर त्या मुलाची भीती खरी ठरते. तो खरोखरच बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी वर्गात कशावर हसणे चालले आहे हे त्याला कळत नाही. मग तो चिडतो, लपून मोबाईल घेतो, खोटे बोलतो आणि घरात भांडण सुरू होते. परंतु चाळीसही मुलांचे मोबाईल एकाच वेळी बंद असतील तर चुकण्यासारखे काही उरतच नाही. भीतीचे कारणच नाहीसे होते. वडगावच्या भोंग्याने साधावयाचे ते हेच होते. त्याने मोबाईल बंद करण्याची वेळ सांगितली, त्याबरोबर ‘या वेळी सर्वांचेच बंद आहेत’ हे आश्वासनही दिले.

संमती आणि दंड

वडगावने हे कसे घडवून आणले, त्याचा क्रम पंचायत सदस्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मुले वाचण्या-लिहिण्यात मागे पडली असून शाळेच्या आधी व नंतर मोबाईलमध्ये गुंतलेली असतात, हे शिक्षकांच्या ध्यानी आले. बहुतेक घरांत अभ्यासासाठी स्वतंत्र खोली नव्हती. एकाच खोलीत दूरचित्रवाणी चालू आणि तेथेच मुलाची वही उघडी, अशी स्थिती होती. सरपंचांनी कल्पना मांडली तेव्हा ‘हे जमेल काय’ अशी शंका अनेकांना वाटली. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांची सभा बोलावून तेथे निर्णय झाला. त्यानंतर आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर गेले आणि त्यांनी लोकांना समजावून सांगितले.

यात तीन गोष्टी विशेष आहेत. पहिली, निर्णयाचा आरंभ स्त्रियांच्या सभेतून झाला. सायंकाळी घरात काय चालते याची खरी जाण त्यांनाच असते आणि मालिका बंद ठेवण्याची झळही त्यांनाच अधिक बसणार होती. दुसरी, नियम केवळ मुलांसाठी नव्हता. तो मोठ्यांनाही लागू होता. तिसरी, वेळ मर्यादित होती. दिवसाच्या चोवीस तासांपैकी दीडच तास मागितला गेला, आणि म्हणूनच तो देणे लोकांना शक्य झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने दुसरा मार्ग स्वीकारला. १८ वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, असा ठराव तेथे झाला आणि मोडणाऱ्यास २०० रुपये दंड ठेवण्यात आला. त्यामागील कळकळ निःसंशय तितकीच खरी होती. परंतु दोन मार्गांची तुलना करता काही अडचणी जाणवतात. दंड म्हटला की मुले लपविण्याची कला शिकतात आणि शेजाऱ्याच्या मुलावर पाळत ठेवण्याची वृत्ती गावात वाढते. शिवाय वडील मंडळी ओट्यावर बसून मोबाईल पाहत असताना मुलाला बंदी घातली तर त्या मुलाला नियमातील शिस्त दिसत नाही, अन्याय दिसतो. अकरावीच्या विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असेल तर सरसकट बंदी तिच्या वाटेतही आडवी येते. दंडापेक्षा संमतीचा मार्ग संथ आहे; पण तो टिकाऊ होण्याचा संभव अधिक आहे.

वडगावचा प्रयोग म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण नव्हे. दीड तास बंद ठेवलेला मोबाईल रात्री अकरा वाजता पुन्हा हातात येऊ शकतो. आरंभी घरोघर जाऊन आठवण द्यावी लागली, यावरून उत्साह ओसरल्यावर असे उपक्रम मंदावण्याचा धोकाही ओळखता येतो. तरीही मोबाईल खाली ठेवला तर आकाश कोसळत नाही, हा अनुभव एका संपूर्ण गावाने एकाच वेळी घेतला, ही त्याची मोठी कमाई होय.

शासनयंत्रणेनेही आरशात पाहावे

अप्रिय असले तरी एक सत्य येथे सांगणे भाग आहे. ही भीती वाढविण्यास शाळा, पंचायत आणि कार्यालये यांचाही हातभार लागतो. शिक्षक रात्री आठ वाजता वर्गाच्या गटावर गृहपाठ पाठवतात आणि मुलाने मोबाईल पाहू नये असे पालकांना सांगतात. तालुक्याच्या कार्यालयातून रात्री साडेनऊला ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा संदेश येतो आणि ग्रामसेवक, शिक्षक, आशा कार्यकर्ती जेवण अर्धे सोडून मोबाईल उघडतात. संदेश पाहिला नाही तर खुलासा मागितला जाईल, या धास्तीने कर्मचारी मोबाईल उशाशी घेऊन झोपतो. त्याला मोबाईल-विरहाची भीती वाटते ती मनाच्या दुर्बलतेने नव्हे, तर वरिष्ठांच्या सवयीमुळे.

ज्या घरातील बाप सायंकाळी साहेबांच्या संदेशाची वाट पाहत मोबाईलकडे डोळे लावून बसला आहे, त्या घरातील मुलाला कोणते व्याख्यान पटणार? म्हणून गावाला भोंगा वाजविण्यास सांगण्यापूर्वी तो कार्यालयात वाजला पाहिजे. आपत्ती, साथ व निवडणूक यांसारखे प्रसंग वगळता कार्यालयीन संदेश कार्यालयीन वेळेतच पाठवावेत आणि खरोखर तातडीचे काम असेल तर सरळ दूरध्वनी करावा. गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून द्यावा. यासाठी निधी लागत नाही, पद निर्माण करावे लागत नाही आणि मंजुरीची वाटही पाहावी लागत नाही.

गावाने काय करावे

ज्या ग्रामपंचायतींना हा विचार पटेल, त्यांनी भोंग्याचीच नक्कल करावी असे नाही. प्रत्येक गावाची सायंकाळ वेगळी असते. कोठे दुधाचे संकलन सातला असते, कोठे बाया शेतातून सातनंतर परततात, कोठे भजनाची वेळ ठरलेली असते. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिलांच्या सभेत विषय मांडावा, गावाला सोयीची वेळ ठरवावी आणि प्रथम तीन महिन्यांपुरता ठराव करावा. रुग्णसेवा, आजारी माणसाचे घर, शेतीची वीज आणि परगावच्या नातलगांचे तातडीचे बोलावणे यांना सूट असावी; तसे न केल्यास पहिल्याच अडचणीत नियम मोडेल.

मोबाईल बंद केल्यावर पुढे काय, याची तयारी आधी हवी. रिकामा वेळ हाच त्या यंत्राचा सर्वांत मोठा मित्र आहे. गावातील वाचनालय त्या वेळी उघडे ठेवावे. शाळेची एक खोली, दिवा आणि निवृत्त शिक्षक एवढ्या सामग्रीवर अभ्यासिका चालू शकते. व्यायामशाळा, कबड्डीचे मैदान, भजनी मंडळ ही जुनी साधने अद्याप कामाची आहेत.

शिक्षकांनी मुलांना दम देण्याऐवजी नोंद करावयास शिकवावे. मोबाईल किती वेळा उघडला आणि त्यांपैकी किती वेळा काम होते, याची आठ दिवसांची नोंद मुलाने स्वतः केली तर जे त्याला उमगते, ते तासभराच्या उपदेशाने उमगत नाही. जे मूल मोबाईल दूर केल्यावर अन्नपाणी सोडते, झोप गमावते, शाळा टाळते किंवा हिंसक होते, त्याला मात्र रागावून उपयोग नाही. त्याला मदतीची आवश्यकता असते. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा. बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरावरील उपचारांसाठी २०१४ सालीच स्वतंत्र केंद्र सुरू केले. यावरून प्रश्नाचे गांभीर्य आणि त्यावरील उपायांची शक्यता या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

बंधुभगिनींनो, वडगावात सातचा भोंगा होता, तसा साडेआठचाही होता. दुसरा भोंगा वाजल्यावर लोक मोबाईल पुन्हा चालू करीत, आणि त्यात काही वावगे नव्हते. यंत्राशी वैर करावयाचे नाही. यंत्र आणि माणूस यांपैकी धनी कोण, एवढे ठरवावयाचे आहे. त्या दीड तासात कोणाचा संदेश आला असेल याची धाकधूक पहिल्या दिवशी अनेकांना वाटली असेल. परंतु शेजारच्या घरातील मोबाईलही बंद आहे हे माहीत असले की ती धाकधूक ओसरते. एकट्या माणसाच्या मनात वाढणारी ही भीती गावाच्या संगतीत कमी होते. ही संगत उभी करणे हेच पंचायतीचे, शाळेचे आणि शासनाचे काम आहे. त्याचा प्रारंभ आज सायंकाळी, प्रत्येकाच्या स्वतःच्या घरी करता येण्यासारखा आहे.